साडेसहासष्ट

बोटीतून उतरल्याउतरल्या लोक विचारतात,
रेषा कुठाय?
हाल्बेरा मासळीची बादली खाली ठेवते
आणि नुसती हनुवटी करते उत्तरेकडे.
वीस मिनिटं. काठी घेऊन जा.

काठी कशाला, ते वाटेत कळतं.
त्या गवतात सुरयांची घरटी आहेत,
माणूस दिसला की टाळक्यात चोच.
काठी डोक्यावर उंच धरायची,
मग ते काठीच्या टोकाशी भांडत बसतात.

नकाशावर रेषा तुटकतुटक असते,
धावदोरा घातल्यासारखी.
इथे गवत. मेंढ्यांच्या लेंड्या.
आणि एक डांबर फासलेला खांब,
जो ती दर जूनला उपटते
आणि चौदा-पंधरा मीटर पुढे रोवते,
कारण रेषा थांबत नाही.

साडेतेवीस, आपण पाठ केलेलं असतं.
तिरकी पृथ्वी, साडेतेवीस अंश.
नेमकी तेवढी ती नाहीच,
आणि आहे तेवढीही राहत नाही:
केसाच्याही अंशाने ताठ होत चाललीय.
(माणसं वय झालं की वाकतात.)
इकडचं आणि तिकडचं मिळून नव्वद व्हायला हवेत,
म्हणून तिकडे कल घटला
की इकडे वर्तुळ ध्रुवाकडे सरकतं.

हे तिला बापाने जेवताना शिकवलं होतं.
ऑडगेरने उकडलेल्या बटाट्यात काटा खुपसला,
मेणबत्तीसमोर तिरका धरून फिरवला.
सगळा बटाटा उजेडातून अंधारात जाऊन आला,
टोकाजवळची टिकली तेवढी उजेडातच फिरली.
ह्या टिकलीची कड आहे ना, तो म्हणाला, तिथे आपण.
मग मीठ लावून
त्याने पृथ्वी खाल्ली.

आजोबांच्या वेळी रेषा स्वयंपाकघरातून जायची.
चूल पलीकडे, टेबल अलीकडे.
रस्सा आर्क्टिकमध्ये शिजायचा
आणि बाहेर आणून प्यायचा, असा घरचा विनोद.
त्या चुलीपासून खांब आता किलोमीटरभर.
घर कुठेच गेलेलं नाही.

मुलगा, योरुंडुर, चौसष्टवर राहतो.
मधले अडीच अंश; नकाशात बोटाचं एक पेर,
एक अंश म्हणजे एकशे अकरा किलोमीटर.
डिसेंबरात फोनवर ती तब्येत विचारत नाही,
विचारते, किती उरलाय उजेड?
त्याच्याकडे चार तास.
हिच्याकडे दुपारची थोडी राख.
कुठे ग्रीनलँडात, कुठे सैबेरियात,
ह्याच वृत्तावर कुणी बाई
कुत्र्यांना तुकडे टाकत असेल,
तिलाही एवढीच राख, ह्याच मापाने,
ओळख नाही, पाळख नाही.

एकवीस जून, मध्यरात्र.
धक्क्यावरचा एक म्हातारा प्रवासी जरा रागावलेला.
रेषेपर्यंत पाय चालले नाहीत त्याचे,
पण सूर्य इथेही बुडत नाहीये,
मग लोक एवढं चालतात कशाला?
हवा उजेड वाकवते, हाल्बेरा म्हणते.
रेषा हिशेबाची आहे. सूर्य हवेतून येतो.
तो बराच वेळ पाण्याकडे बघतो
आणि टोपी काढून मांडीवर ठेवतो.

खांबापुढे बेट किती राहिलं,
तिने पावलांनी मोजलंय. तीनशे ऐंशी.
वीसेक वर्षं निघतील.
मग कडा, कड्याखाली पाणी,
आणि पाण्यात खांब रोवायचा तर
बोट लागेल, असं ती म्हणते,
आणि हसते की नाही ते कळत नाही.

सुरय मात्र ऑगस्टात निघतो
आणि तळाचं दुसरं वर्तुळ गाठतो,
तिथला उन्हाळा संपवून पुन्हा इथे.
इतका उजेड दुसऱ्या कुणाच्या वाट्याला नाही.
आपल्या भाषेत त्याचं नाव सूर्याच्या इतकं जवळ कसं,
हे मी तिला सांगायला गेलो,
पण ती पहारीने खड्डा खणत होती.

खांब उभा राहिला. तिने बुटाने माती दाबली.
वरून एक पक्षी सूर मारत आला,
आम्हा दोघांना सोडून
खांबाच्या टोकावर
टोच, टोच.